डावा तळहात

शिवगंगाबाई मेनकुदळ्यांच्या डाव्या तळहातावरून इष्टलिंग पडलं, ते सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी. मांडीवर, लुगड्याच्या घोळात पडलं. जमिनीला लागलं नाही. पण पडलं. नवव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून सत्तावन्न वर्षं त्या रोज याच तळहातावर लिंग घेऊन पूजा करत आल्या होत्या. घरात लग्नं झाली, मयती झाल्या, डाळमिल बंद पडली. पूजा चुकली नव्हती. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन डावं अंग गेलं, तेव्हाही मुलाने दवाखान्यात त्यांचा लुळा हात आपल्या हातावर तोलून पूजा करवून घेतली होती. लिंग कधी ढळलं नव्हतं.

समोर हेमलता डोईफोडे बसली होती. तिने सगळं पाहिलं. शिवगंगाकाकूंच्या डाव्या हातावर खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत चढवलेल्या राखाडी बाहीवरचा दिवा निळा झाला. बोटं एकेक करून सैल पडली, मनगट कलंडलं. चार सेकंदांनी दिवा पुन्हा हिरवा झाला आणि हात आपोआप उचलला गेला. रिकामा तळहात छातीसमोर येऊन अगदी स्थिर थांबला, जणू काही घडलंच नव्हतं.

काकू ओरडल्या नाहीत. उजव्या हाताने त्यांनी लिंग उचललं, डोळ्यांना लावलं, वस्त्रात गुंडाळून गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "हेमा, ही बाही काढ. आणि पुन्हा घालू नकोस."

हेमलताचं काम बार्शीत नीट समजलेले लोक थोडेच होते. 'व्यवसायोपचार सहायक' म्हटलं की लोक विचारत, कुठला व्यवसाय शिकवता? ती शांतपणे सांगायची की आंघोळ करणं, भाकरी थापणं, केसांत फणी घालणं, हेच माणसाचे खरे व्यवसाय. आजाराने ते हिरावले की ते परत मिळवून द्यायचे. उपचाराचा आराखडा सोलापूरच्या उपचार केंद्रात बसलेल्या टिपणीस मॅडम आखायच्या. घरोघरी जाऊन तो रोज करवून घेणं हेमलताकडे. अकरा वर्षं ती हेच करत होती. सकाळी एकशे आठ नामं घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे, आणि पेशंटचा व्यायाम पूर्ण झाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर.

बाही आली तशी कामाची रीतच पालटली. तिचं नाव होतं करसाथ. डोक्याला बांधायची एक पट्टी मेंदूतले इशारे टिपायची, कापडात विणलेल्या तारा स्नायूंमधली क्षीण धुगधुगी ओळखायच्या. माणसाच्या मनात पेला उचलायचं आलं, की हात हलायच्या आधीच बाहीला ते कळायचं. मग ती स्नायूंना बारीक विजेचे झटके देऊन आणि बोटांवरून गेलेल्या धाग्यांना ओढ देऊन पेला उचलून द्यायची. जितकी वापरावी तितकी शहाणी व्हायची. दहा दिवसांत काकूंनी पेला धरला, महिन्याभरात भाकरी थापली. सहाव्या आठवड्यात तळहातावर लिंग घेऊन पूर्ण पूजा केली, आणि त्या दिवशी दोघी रडल्या. हेमलताने नोंदीत 'पूजा' या रकान्यापुढे 'स्वतंत्र' असं लिहिलं. बाही दर आठवड्याला हाताला शंभरपैकी गुण द्यायची, त्याला हस्तांक म्हणत. काकूंचा हस्तांक चौऱ्याऐंशीवर पोचला होता.

आता बाही काढून तिने काकूंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मूठ उघडायला सांगितली.

काकूंनी डोळे मिटून जोर लावला. अंगठा जरासा थरथरला. बाकीची बोटं दुमडलेलीच राहिली.

हेमलताने जुनी नोंद उघडली. बाही यायच्या आधी, झटक्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, याच हाताची तीन बोटं उघडत होती. तिनेच ते लिहून ठेवलं होतं. नऊ आठवडे बाही दिवसभर अंगावर होती आणि या नऊ आठवड्यांत बाहीशिवायचा हात कुणी तपासलाच नव्हता. आराखड्यात तसा रकाना नव्हता, हे खरं. पण तिला तरी कुठे सुचलं होतं? काम नीट झालेलं दिसत होतं, ती कामाकडे बघत राहिली. ते कोण करतंय, हे तिने पाहिलं नाही.

"तुला आज कळलं," काकू म्हणाल्या. "मला महिनाभर शंका होती. पूजेला बसलं की लिंगाचा भारच लागायचा नाही गं हाताला. कुणीतरी दुसऱ्यानेच धरल्यासारखं."

दुपारी हेमलताने जुनी पुस्तकं काढली. शिकत असताना ज्यांच्याखाली रेघा मारल्या होत्या तीच वाक्यं आता नव्याने वाचली. झटक्याने मेंदूचा एक तुकडा मरतो, पण त्याच्या शेजारचे भाग त्याचं काम शिकून घेऊ शकतात. शिकतात ते चुकांमधून. हात जायला हवा होता तिथे गेला नाही, हा फरक मेंदूला कळतो, आणि त्या फरकाच्या टोचणीने तो नवी वाट पाडतो. पडता पडता मूल चालायला शिकतं तसं. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही वाट पाडण्याची ताकद सर्वांत जास्त असते, मग ती ओसरते. आणि करसाथ काय करत होती? मेंदूला चूक जाणवायच्या आत ती दुरुस्त करत होती. चूक नाही म्हणून टोचणी नाही, टोचणी नाही म्हणून शिकणं नाही. बाही शहाणी होत गेली आणि हात अडाणी राहिला.

तिने टिपणीस मॅडमना फोन लावला. मॅडम हुशार होत्या आणि वाईट तर मुळीच नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चार सेकंदांचा खंड पडला तो बाहीच्या प्रणालीत आपोआप झालेल्या सुधारणेमुळे, तशी तक्रार त्या वर कळवणार होत्या. राहिलं काय? पाच आठवड्यांनी अंतिम तपासणी. त्यात हस्तांक ऐंशीच्या वर असला की पेशंट बरा झाल्याची नोंद, घरभेटी बंद, बाही कायमची.

"आणि बाहीशिवायचा हात?" हेमलताने विचारलं.

"चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण आंधळा म्हणतो का, हेमलता?"

 दुसऱ्या दिवशी हेमलताने तो प्रश्न काकूंना जसाच्या तसा सांगितला. काकू नातवाला हिशेब समजावावा तशा म्हणाल्या, "चष्मा काढला तर डोळा होता तेवढाच राहतो. ही काढली तर हात होता त्याहून कमी झाला. हा कुठला चष्मा?"

मग हेमलताने काही लपवलं नाही. पूजेपुरती बाही काढून भागणार नव्हतं. दिवसभर बाहीच काम करणार असेल तर हात शिकणार कधी? ती पूर्णच उतरवायला हवी होती. म्हणजे भाकरी बंद, लुगडं नेसणं बंद, पदर खोचायला दुसऱ्याचा हात. पाच आठवड्यांनी किती येईल, सांगता येत नव्हतं. कदाचित काहीच येणार नाही. हस्तांक मात्र नक्की कोसळेल.

काकूंनी विचार करायला वेळ घेतला नाही. उपास धरते म्हणाल्या, हात वळेपर्यंत एकभुक्त. हेमलताने साफ नकार दिला. रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेळच्या जेवणावर होत्या. बरीच घासाघीस झाली आणि अखेर काकूंनी चहा सोडला. झटका आल्यावर शुद्धीवर येताच ज्या बाईने पहिला चहा मागितला होता तिने चहा सोडला, हे ऐकून पुण्याला असलेल्या मल्लिनाथचा, त्यांच्या मुलाचा, लगेच फोन आला.

मल्लिनाथ भांडला नाही, काकुळतीला आला. बाही त्यानेच आणवली होती. आई, त्याची अव्वा, एकटी राहते, बाहीमुळे निदान गॅस पेटवते, दार उघडते. त्याने मठातल्या स्वामींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, देवाला भाव पुरतो.

"देवाला पुरत असेल," काकू म्हणाल्या. "मला पुरत नाही."

"अव्वा, हट्ट आहे हा."

"आहेच. तुझे वडील पण असंच म्हणायचे. पण मिलमधली डाळ ओली आहे का कोरडी, हे यंत्रापेक्षा माझ्या चिमटीवरच ठरवायचे. हात माझा आहे, मल्लू. लुळा असला तरी माझा असू दे."

पुढच्या रविवारी तो स्वतः आला, आठ दिवसांचा स्वयंपाक करून फ्रिजमध्ये ठेवून गेला, आणि हेमलताशी एक शब्द बोलला नाही.

काम सुरू झालं. पूजेला काकूंनी डावा हात चौरंगावर टेकवायचा, खाली कापडाची वळकटी, आणि उजव्या हाताने बोटं उघडी धरायची. तेवढ्यावर त्या पूजा भागवत होत्या, पण 'भागवलं' असंच म्हणायच्या. सराव मात्र लिंगावर करायचा नाही. त्यासाठी कणकेचा गोळा होता. तो तळव्याला धरून राहतो, घरंगळत नाही. कोपर टेकलेलं, मग अधांतरी. सकाळी चाळीस वेळा, दुपारी चाळीस वेळा. काकू मोजत नसत, षडाक्षरी मंत्र म्हणत, 'ॐ नमः शिवाय'. हेमलताही मग मोजायची सोडून नामं घेऊ लागली. तिला वाटायचं, शास्त्र जे आता सांगतंय ते नेमधर्म करणाऱ्या बायकांना कधीचं ठाऊक आहे. रोज तेच, रोज थोडं चुकत, आणि तरी रोज.

दुसऱ्या आठवड्यात दोन बोटं उघडली. तिसऱ्या आठवड्यात गोळा तळहातावर पाच सेकंद राहिला, मग अकरा, आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. त्या दिवशी काकूंनी गोळा भिंतीवर फेकला. उजव्या हाताने. नंतर घरात घालायच्या गाऊनकडे बघून म्हणाल्या, "या झग्यात मी बुजगावणं दिसते, आणि काम पण तेच करतेय. हात पसरून उभं राहायचं." दोघी हसल्या. हेमलताने भिंतीवरची कणीक पुसली आणि पुन्हा गोळा केला. चौथ्या आठवड्यात लिंबू घेतलं. लिंबू घरंगळतं, म्हणून ते कठीण.

बाहीऐवजी मनगटावर मोजणीची बारीक पट्टी ठेवणं केंद्राकडून सक्तीचं होतं. पट्टी हालचाल मोजायची. पेला उचलला, गुण. बटण लावलं, गुण. लिंबू तळहातावर तोलून काकू घामाघूम व्हायच्या, खांद्यापासून करंगळीपर्यंत प्रत्येक स्नायू लढत असायचा, तेव्हा पट्टीच्या लेखी हालचाल शून्य असायची. काही न हलवता हात स्थिर ठेवणं हेच सर्वांत अवघड काम असतं, हे पट्टी बनवणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हस्तांक चौऱ्याऐंशीवरून नऊवर आला. काकूंच्या नावापुढे लाल अक्षरांत 'असहकार' असा शेरा उमटला, आणि हेमलताला पत्र आलं. तपासणीच्या दिवशी पेशंटला बाही घालून बसवावं, नाहीतर पेशंट दुसऱ्या सहायकाकडे सोपवावा.

ते पत्र तिने दोनदा वाचलं. मग नोंदीत मागे गेली, सहाव्या आठवड्यापाशी थांबली, आणि दुरुस्तीची परवानगी मागणारा अर्ज भरला. जुनी नोंद बदलायची तर सहायकाने आपली चूक कबूल करावी लागते, आणि ती कबुली तिच्या परवान्याच्या कागदाला कायमची चिकटते. तिने 'स्वतंत्र' खोडलं आणि लिहिलं, 'पूजा बाहीने केली. हाताची तपासणी मी केली नाही. चूक माझी. पेशंट असहकार करत नसून उपचार घेत आहेत.'

तासाभरात टिपणीस मॅडमचा फोन. "स्वतःच्या हाताने कुऱ्हाड का मारून घेताय? कुणी विचारलं होतं का?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"खोटं माझ्या अक्षरात होतं."

 मग मॅडम म्हणाल्या, त्या स्वतः येतील.

त्या आल्या ते सकाळी लवकर, सोलापूरहून गाडी करून. हातात नव्या बाहीचा डबा. मल्लिनाथही आदल्या दिवशीच आला होता. मॅडमनी बसायच्या आधीच सांगितलं की त्या वाद घालायला आलेल्या नाहीत. काकूंनी फक्त बाही घालावी, पेला, बटण, फणी एवढं करून दाखवावं, वीस मिनिटांत सगळं मिटेल.

काकू आंघोळ करून पाटावर बसल्या होत्या. कपाळाला भस्म. आज हट्टाने लुगडं नेसल्या होत्या, हेमलताच्या मदतीने. त्या म्हणाल्या, "परीक्षा घ्यायची ना तुम्हाला? माझी पूजा राहिलीय. तीच बघा."

 हे ठरलेलं नव्हतं. लिंबाचा सर्वांत मोठा आकडा सव्वीस सेकंदांचा होता, पूजेला चार-पाच मिनिटं लागतात. हेमलताने काकूंकडे पाहिलं. थांबवायचा हक्क तिला होता, ते तिचं कामच होतं. ती खाली वाकली आणि एवढंच म्हणाली, "काकू, खांदा सैल. श्वास धरू नका."

काकूंनी डबी उघडली. डावा हात मांडीवरून उचलला. कोपर बरगडीला टेकवलं, मनगट वळवलं. बोटं सावकाश, एकेक करून, उघडली. करंगळी अर्धी दुमडलेलीच राहिली. त्या वाकड्या, कापणाऱ्या तळहातावर त्यांनी लिंग ठेवलं.

मल्लिनाथ पुढे सरकला आणि आपली ओंजळ त्या हाताखाली धरली. काकूंनी डोळे वर केले नाहीत.

"मल्लू, काढ."

"अव्वा, पडेल."

"पडलं तर माझ्या हातून पडेल. काढ."

त्याने ओंजळ मागे घेतली. घ्यायला बराच वेळ लागला.

उजव्या हाताने काकूंनी पाण्याची धार धरली. डावा हात थरथरत होता, पाणी मनगटावरून ओघळून कोपराशी ठिबकत होतं. भस्म लावलं. बेलाचं पान ठेवलं. मनगट आतल्या बाजूला खचू लागलं, हेमलताला ते दिसलं. तळहात कलला आणि ओलं लिंग कडेकडे सरकलं. मल्लिनाथने तोंड फिरवलं.

तेव्हा अंगठा हलला. कुणी सांगितलं नव्हतं, सरावात तो कधी असा हलला नव्हता. तो आत वळला, कडेशी आला आणि घसरत्या लिंगाला आडवा झाला. मनगटाने आपला तोल ओळखला, इकडे जास्त, तिकडे कमी, पुन्हा इकडे, असं चाचपडत ते वर आलं. लिंग पुन्हा तळव्याच्या खोलगट जागेत बसलं. काकू एकटक त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते.

टिपणीस मॅडम केव्हा खाली बसल्या हे कुणालाच कळलं नाही. त्यांनी दोन बोटं काकूंच्या दंडाखाली नेली, पण स्पर्श करण्याआधी नजरेनेच परवानगी मागितली. मग कोपराखाली, मग मनगटाजवळ. स्नायू कुठून कुठे ओढ देतोय ते त्या बोटांनी वाचत होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. काकूंच्या मनगटावरची पट्टी मात्र सगळा वेळ शून्य दाखवत होती.

पूजा झाली. काकूंनी लिंग वस्त्रात गुंडाळलं, डबी मिटली. मगच तो हात मांडीवर पडला, दमून गेलेल्या लेकरासारखा.

 मग मॅडम उठल्या आणि कागद काढले. त्यांचा आवाज कोरडा होता. हे लिहायला रकाना नाही, त्या म्हणाल्या. त्यांनी जे बोटांनी पाहिलं ते पाठवता येईल, पण ते वाचायला तिकडे कुणी बसलेलं नाही. हस्तांक नऊ आहे आणि नऊच राहील. 'असहकार' शेऱ्यामुळे घरभेटी नियमाप्रमाणे बंद होतील. नोंदीची दुरुस्ती आणि पत्राचा अवमान, या दोन्हींसाठी हेमलताचं नाव त्यांना आजच सहायकांच्या यादीतून काढावं लागेल.

मल्लिनाथ, जो महिनाभर हेमलताशी बोलला नव्हता, मधे पडला. ताईंचं नाव कशाला, म्हणाला, लिहायचंच तर आमचं लिहा, आम्ही बाही नाकारली. मॅडमनी मान हलवली. तसं होत नसतं.

हेमलता ओल्या पाटाभोवतीचं पाणी पुसत होती. ती आवाज चढवून बोलणाऱ्यांतली नव्हती, आजही चढवला नाही.

"काढा, मॅडम. कुठे सही करायची ते सांगा, मी करते. पण उद्या मी इथे येणार आहे. परवाही. हात आत्ता शिकायला लागलाय, आत्ता सोडणार नाही. परवाना काढून घेतला तर शेजारीण म्हणून येईन. शेजारणीला कुणाचा आराखडा लागत नाही."

"बसस्टँडच्या पलीकडून येते ती," काकू म्हणाल्या, "आणि म्हणे शेजारीण."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. हेमलताने सही केली. मॅडमनी कागद पिशवीत ठेवले, बाहीचा न उघडलेला डबा काखेत घेतला, चपला घातल्या. पायरी उतरल्या आणि थांबल्या. माझ्या यादीत या बाहीतले एकशे चाळीस हात आहेत, त्या म्हणाल्या, अर्धवट स्वतःशीच. त्यातला एकही मी बाहेर काढून पाहिलेला नाही.

मग वळून त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येणार तुम्ही?"

"पावणेआठला," हेमलता म्हणाली. "पण उशीर करू नका. काकू कुणासाठी थांबत नाहीत."